पंधराशेची वेस

नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसांना एक दुखणं चांगलं ओळखीचं असतं. नवं कार्ड बसवलं, केबल लावली, पिंग केलं, उत्तर आलं. दूरच्या मशिनवर लॉगिन केलं, तेही झालं. मग एखाद्या मोठ्या फोल्डरची यादी मागितली आणि पडदा गोठला. चूक झाल्याचा संदेश नाही, जोडणी तुटल्याची खूण नाही. छोटी पाकिटं पलीकडे पोचतात, मोठी वाटेतच नाहीशी होतात. २००१-०२ च्या सुमारास लिनक्सवर व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेवर अनेक वेगळी जाळी, चालवू पाहणाऱ्या अनेकांच्या वाट्याला हे आलं. कारण शोधण्यात रात्र जायची आणि शेवटी हाती लागायचे चार बाइट. व्हीलॅनच्या शिक्क्यामुळे फ्रेम ठरलेल्या मापापेक्षा चार बाइटांनी लांब झाली होती, आणि कार्डाने किंवा त्याच्या ड्रायव्हरने ती बिनबोभाट फेकून दिली होती.

ते ठरलेलं माप म्हणजे १५१८ बाइट. कुणाकडे जायचं, कुणाकडून आलं आणि आत काय आहे हे सांगणारे पहिले १४, चुका पकडणारे शेवटचे ४, आणि मधे जास्तीत जास्त १५०० बाइटांचा माल. हा १५०० चा आकडा १९८० साली ठरला. त्या काळची जाड केबल केव्हाच इतिहासजमा झाली, वेग दहा मेगाबिटवरून शेकडो गिगाबिटवर गेला, पण आकड्याची वेस जागची हलली नाही. वेशीबाहेरच्या मोठ्या फ्रेमला वाट करून देण्याचं काम मात्र ड्रायव्हर लिहिणारी माणसं वर्षानुवर्षं, आपापल्या चिपपुरतं, जवळजवळ एकेकटी करत आली. त्यांच्या या कामाची नोंद क्वचितच कुणी घेतली आहे.

इथरनेटची सुरुवात १९७३ सालची, कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथल्या झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातली. बॉब मेटकाफ यांचं पहिलं टिपण २२ मे १९७३ चं आहे. डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत त्यांनी उभं केलेलं पहिलं जाळं सेकंदाला २.९४ मेगाबिट वेगाने चालायचं. हा विचित्र आकडा आला तो आल्टो संगणकाच्या घड्याळातून: १७० नॅनोसेकंदांचे दोन ठोके मिळून एक बिट. यंत्राचा पत्ता फक्त आठ बिटांचा होता. एका इमारतीपुरतं ते पुरेसं होतं.

हे घरचं जाळं बाहेरच्या जगासाठी खुलं करायचं ठरलं, तेव्हा ते काम करणाऱ्या झेरॉक्सच्या चमूत योगेन दलाल होते. पवईच्या आयआयटीतून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले होते, आणि डिसेंबर १९७४ मध्ये टीसीपी या इंटरनेटच्या नियमावलीचा पहिला सविस्तर आराखडा ज्या तिघांच्या नावाने आला ते म्हणजे विंट सर्फ, कार्ल सनशाइन आणि दलाल. पुढे प्रत्येक कार्डाला जगात वेगळा असा ४८ बिटांचा पत्ता द्यावा, ही मांडणी रॉबर्ट प्रिंटिस यांच्यासोबत त्यांनी १९८१ मध्ये लेखातून केली. आज मोबाइलपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे दिसणारा बारा अंकी-अक्षरी ‘मॅक ॲड्रेस’ तो हाच. इंटरनेटवरच्या पाकिटाचा प्रवास ज्या दोन थरांवर चालतो, त्या दोन्हींच्या पायाभरणीत पवईचा एक विद्यार्थी होता, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही.

डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी ३० सप्टेंबर १९८० रोजी दहा मेगाबिट इथरनेटचं तपशीलपत्र प्रसिद्ध केलं, आणि कमाल १५०० बाइट त्यात होते. यामागे दोन व्यवहारी कारणं होती. पहिलं म्हणजे केबल सगळ्यांची मिळून एक. एकजण बोलत असताना बाकीच्यांनी गप्प राहायचं. पूर्ण लांबीची फ्रेम, तिच्यापुढच्या आठ बाइटांच्या सूचनेसकट, १२,२०८ बिटांची होते आणि दहा मेगाबिटच्या केबलवर ती सुमारे १.२२ मिलिसेकंद जागा अडवते. याहून मोठी फ्रेम म्हणजे बाकीच्यांना तेवढं जास्त ताटकळणं. दुसरं कारण पैशाचं. आलेली फ्रेम ठेवायला कार्डावर मेमरी हवी, आणि १९८० साली मेमरी महाग होती. दोन्ही कारणं त्या काळात बिनतोड होती.

पुढे १९८३ मध्ये आयईईईच्या ८०२.३ समितीने स्वतःचं मानक मंजूर केलं आणि हा आकडा आणखी खोल रुजला. फ्रेमच्या शीर्षात दोन बाइटांची एक जागा आहे. मूळ इथरनेटमध्ये तिथे ‘आत काय आहे’ ते लिहीत, समितीच्या मानकात ‘आत किती आहे’ ते. दोन्ही पद्धती एकाच तारेवर नांदाव्यात म्हणून तोडगा निघाला: त्या जागी १५०० किंवा कमी आकडा असेल तर ती लांबी, १५३६ किंवा जास्त असेल तर तो प्रकार. म्हणजे लांबी लिहिण्याच्या पद्धतीत १८०० बाइटांची फ्रेम नुसती नियमबाह्य ठरत नाही, ती लिहिताच येत नाही. लिहिली तर वाचणारा तिला तिसरंच काही समजतो. मोठ्या फ्रेमचा विषय निघाला की समितीत हा पेच पुढे यायचा.

दुसऱ्या घरांत मात्र मोठी माणसं राहत होती. फायबरवर चालणाऱ्या एफडीडीआयची फ्रेम ४५०० बाइटांपर्यंत जायची. एटीएम या जाळ्यांच्या तंत्रावरून आयपी चालवताना ९१८० बाइटांचं माप ठरलं होतं. आणि सन कंपनीची एनएफएस, म्हणजे फायली दुसऱ्या मशिनवर ठेवून आपल्याच असल्यासारख्या वापरायची सोय, आठ किलोबाइटांच्या घासाने खायची. इथरनेटवर तो घास सहा तुकड्यांत जायचा. सहापैकी एक तुकडा हरवला तर उरलेले पाचही वाया, सगळं पुन्हा पाठवा.

गिगाबिट इथरनेट १९९८ मध्ये मानक झालं आणि प्रश्न ऐरणीवर आला. पूर्ण लांबीच्या १५१८ बाइटांच्या फ्रेमनी गिगाबिटची तार भरली तर सेकंदाला ८१,२७४ फ्रेम येतात. त्या काळच्या प्रोसेसरला एवढ्या वेळा हातातलं काम सोडून दाराशी जायला लावलं तर दुसरं काही करायला त्याला सवड उरत नव्हती. तोच माल ९००० बाइटांच्या फ्रेमनी आणला तर फेऱ्या सेकंदाला १३,८३० वर येतात. अल्टिऑन नेटवर्क्स या कंपनीने आपल्या कार्डांत आणि स्विचांत ९००० बाइटांची सोय करून ‘जंबो फ्रेम’ बाजारात रुजवली. माप सोयीचं होतं: एनएफएसचा आठ किलोबाइटांचा घास शीर्षांसकट एका फ्रेममध्ये मावतो. शिवाय शेवटच्या चार बाइटांची तपासणी सुमारे ११,४५० बाइटांपर्यंत तीन बिटांच्या चुका हमखास पकडते, म्हणजे ९००० त्या हद्दीच्या आत राहतं.

आयईईईने जंबो फ्रेम मानकात घेतली नाही, आजही घेतलेली नाही. जुन्या यंत्रांशी जुळतं राहणं ही इथरनेटची सर्वांत मोठी पुण्याई, आणि समितीने ती सांभाळली. तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्याची किंमत कुणीतरी मोजायची होतीच. मानक नसल्याने प्रत्येक चिपवाल्याने आपापली कमाल मर्यादा ठरवली आणि ते सगळे आकडे सांभाळणं ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडलं.

ड्रायव्हर नेमकं काय करतो ते जरा जवळून पाहावं लागेल. मार्केट यार्डात माल यायच्या आधी रिकामे क्रेट रांगेत मांडून ठेवतात, तसे ड्रायव्हर मेमरीत रिकामे बफर मांडतो आणि त्यांच्या पत्त्यांची गोलाकार यादी, म्हणजे ‘रिंग’, कार्डाला देतो. फ्रेम आली की कार्ड प्रोसेसरला न विचारता ती पुढच्या क्रेटमध्ये ओततं आणि चिठ्ठी लावतं: भरला, इतके बाइट. ड्रायव्हर मागाहून येतो, भरलेला क्रेट कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हवाली करतो, रिकामा ठेवतो. यात क्रेटचं माप आधी ठरवावं लागतं, माल किती येणार हे कळायच्या आधी. नासात काम करणाऱ्या आणि लिनक्सचे असंख्य इथरनेट ड्रायव्हर लिहिणाऱ्या डोनाल्ड बेकर यांच्या कोडमध्ये हे माप १५३६ असं लिहिलेलं सापडतं. १५१८ मावतात, थोडी जागा उरते. साध्या फ्रेमसाठी ते नेटकं होतं. जंबो फ्रेम आली की सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

अल्टिऑनच्या कार्डासाठी लिनक्सचा ‘एसनिक’ ड्रायव्हर १९९८ पासून येस सोरेन्सन यांनी लिहिला. त्याचं पान सर्न या अणुसंशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर होतं. त्या कार्डात हा हिशेब फार समंजसपणे सोडवलेला होता. साध्या फ्रेमसाठी एक रिंग, जंबोसाठी वेगळी, आणि पुढच्या चिपमध्ये अगदी चिमुकल्या फ्रेमसाठी तिसरी. मालाच्या आकाराप्रमाणे क्रेट. कुणी एमटीयू, म्हणजे फ्रेममधल्या मालाची कमाल मर्यादा, १५०० च्या पुढे नेला तरच ड्रायव्हर जंबो रिंग भरायला घ्यायचा, एरवी ती मेमरी मोकळी. बहुतेक स्वस्त कार्डांमध्ये मात्र एकच रिंग होती.

आणि तिथे मेमरीचं दुखणं सुरू झालं. पीसीवर लिनक्स मेमरीचे ४०९६ बाइटांचे तुकडे पाडतो, त्यांना पेज म्हणतात. सलग पेज हवी असतील तर ती एक, दोन, चार, आठ अशा दुपटीनेच मिळतात. ९००० बाइटांना तीन पेज पुरतील, पण पदरात चार पडतात, १६,३८४ बाइट. इंटेलच्या ‘ई१०००’ कार्डाला बफरचं मापही दुपटीच्याच पायरीने सांगावं लागायचं, म्हणून ९००० च्या एमटीयूला थेट १६,३८४ चा बफर. आता इथरनेटचं शीर्ष १४ बाइटांचं, त्यामागे येणारा आयपीचा मजकूर नीट ओळीत बसावा म्हणून ड्रायव्हर पुढे दोन बाइट रिकामे सोडतो. शिवाय कर्नल प्रत्येक बफरच्या शेवटी स्वतःची थोडी टाचणं ठेवतो. या किरकोळ भरीने बेरीज १६,३८४ च्या पलीकडे जाते आणि मागणी पुढच्या पायरीवर उडी मारते: ३२,७६८ बाइट, सलग आठ पेज. नऊ हजारांच्या मालासाठी बत्तीस हजारांची जागा, तीही रिंगमधल्या प्रत्येक घरासाठी.

नुकत्याच सुरू झालेल्या सर्व्हरवर हे खपून जायचं. आठवडाभराने मेमरीत जागोजागी भोकं पडलेली असायची. एकूण जागा भरपूर, पण सलग आठ पेज कुठेच नाहीत. मग लॉगमध्ये ओळी उमटायच्या: ‘पेज ॲलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ३’. गिगाबाइटभर मेमरी मोकळी दिसत असताना मशिन मेमरी नाही म्हणून रडतंय, हे पाहून अनेक ॲडमिन चक्रावले. उपाय हळूहळू निघाला. फ्रेम एका मोठ्या क्रेटमध्ये घेण्याऐवजी एकेका पेजच्या लहान क्रेटांमध्ये पसरून घ्यायची आणि कर्नलला सांगायचं की हे तुकडे मिळून एक आहेत. त्यासाठी चिपही तशी लागते आणि ड्रायव्हरचं अर्धं अंग नव्याने लिहावं लागतं.

लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत वू-चुन फेंग आणि सहकाऱ्यांनी २००३ च्या सुमारास दहा गिगाबिटची कार्डं तपासली, तेव्हा त्यांनी एक साधी पण मार्मिक गोष्ट केली. एमटीयू ९००० ऐवजी ८१६० ठेवला. सगळी शीर्षं धरून फ्रेम ८१९२ मध्ये, म्हणजे बरोबर दोन पेजमध्ये मावली. फ्रेम लहान करून वेग वाढला, आणि त्या मापावर त्यांनी ४.११ गिगाबिटपर्यंत मजल मारली. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅलटेक, सर्न आणि या मंडळींनी सनीव्हेल ते जिनिव्हा, १०,०३७ किलोमीटरवर, टीसीपीच्या एकाच प्रवाहातून २.३८ गिगाबिटचा विक्रम केला. इतक्या लांब अंतरावर जंबो फ्रेमचं महत्त्व आणखी वाढतं. मॅट मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं होतं की गळतीचं प्रमाण आणि अंतर तेच असेल तर टीसीपीचा वेग पाकिटाच्या आकाराच्या प्रमाणात वाढतो. पाकीट सहापट, तर वेगाची मर्यादाही सहापट.

घरगुती मदरबोर्डांवरच्या रिअलटेक चिपची कहाणी वेगळी. लिनक्सच्या ‘आर८१६९’ ड्रायव्हरमध्ये चिपच्या पिढ्यांची एक लांबलचक यादी आहे आणि प्रत्येकीपुढे तिची जंबो मर्यादा: कुणाची ४ किलोबाइट, कुणाची ६, कुणाची ७, कुणाची ९. त्यातल्या काहींवर जंबो चालू करायचा तर पाठवायच्या पाकिटाची चुका पकडणारी बेरीज मांडण्याचं काम चिपकडून काढून प्रोसेसरकडे द्यावं लागतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘जंबो सपोर्ट’ आणि आत असे तपशील. ही यादी अनेकांनी चिप पारखून, चुका सोसून जमवली आहे.

मोठी फ्रेम चालवणं एवढंच काम असतं तर ही गोष्ट इथे थांबली असती. पण २००९ साली उघड झालं की मोठी फ्रेम *नको* असतानाही ड्रायव्हरला तिचा विचार करावा लागतो. ई१००० च्या रिंगमध्ये आलेली फ्रेम क्रेटपेक्षा मोठी असली तर चिप उरलेला भाग पुढच्या क्रेटमध्ये ओतते आणि शेवटच्या क्रेटवर ‘इथे संपली’ अशी खूण करते. एमटीयू १५०० असताना ड्रायव्हर गृहीत धरून चालला होता की प्रत्येक फ्रेम एकाच क्रेटमध्ये येणार. खूण नसलेला क्रेट दिसला की तो टाकून द्यायचा. इथपर्यंत ठीक. पण पुढच्या क्रेटवर खूण असायची, म्हणून ते शेपूट म्हणजे नवीकोरी, पूर्ण फ्रेम आहे असं समजून तो ते आत पाठवायचा. कुणी मुद्दाम लांब फ्रेम पाठवली आणि तिच्या शेपटीत हवी ती बनावट फ्रेम लिहून ठेवली, तर वाटेतल्या फायरवॉलला डोकं दिसायचं आणि मशिनला शेपूट. डिसेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये फाबियान यामागुची यांनी या प्रकारच्या चुका जाहीरपणे मांडल्या. दुरुस्ती मोजक्या ओळींची होती: खूण नसलेला क्रेट टाकला की ‘टाकतो आहे’ असं लक्षात ठेवायचं आणि ‘इथे संपली’ येईपर्यंतचं सगळं टाकत राहायचं.

त्याच वर्षी आर८१६९ मध्ये याहून वाईट निघालं. चिपला कमाल लांबी इतकी सैल सांगितलेली होती की लांब फ्रेम क्रेटबाहेर, दुसऱ्याच्या मेमरीवर सांडू शकत होती. मर्यादा आवळून पाहिली, पण चिप ती भरवशाने पाळेना. शेवटी ड्रायव्हरने प्रत्येक फ्रेमसाठी जवळजवळ १६ किलोबाइटांचा बफर मांडायला सुरुवात केली. पंधराशेच्या मालाला सोळा हजारांचा क्रेट, केवळ सांडू नये म्हणून. मेमरीची ही उधळण पाहून वाईट वाटतं, पण त्या माणसांच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानेही हेच केलं असतं.

समितीने वेस थोडीथोडी सरकवली. १९९८ मध्ये व्हीलॅनच्या चार बाइटांसाठी १५२२ झाले, २००६ मध्ये वरची वेष्टनं धरून एकूण २०००. माल मात्र १५०० चाच राहिला. उलटं दुखणं आपल्याकडे घरोघरी येऊन गेलं. २००५ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलचं ब्रॉडबँड आलं, तेव्हा ते पीपीपीओई या पद्धतीवर चालायचं. तिची आठ बाइटांची वेष्टनं १५०० मध्येच बसवायची, म्हणून आत उरायचे १४९२. पुण्या-मुंबईत ज्यांनी तेव्हा मोडेमची सेटिंगं उघडून पाहिली त्यांना हा आकडा आठवत असेल. काही साइट अर्ध्याच उघडायच्या, त्यामागे बरेचदा हेच आठ बाइट आणि ‘पाकीट मोठं आहे’ हा निरोप अडवणारी वाटेतली एखादी फायरवॉल असायची.

दरम्यान प्रोसेसर वाचवण्याची दुसरी वाट सापडली. कर्नलने ६४ किलोबाइटांपर्यंतचा गठ्ठा एकदम कार्डाला द्यायचा आणि कार्डाने तारेवर घालताना त्याचे १५०० चे काप पाडायचे. येताना उलट: २००९ पासून लिनक्स आलेले काप वर पाठवण्याआधी जोडून घेतो. तारेवर छोट्या फ्रेम, यंत्राच्या आत मोठे गठ्ठे. जंबो फ्रेमची निम्मी गरज यानेच भागली आणि समितीचा नकार मागाहून थोडा शहाणपणाचा ठरला.

ड्रायव्हरवाल्यांचं ओझंही उशिरा का होईना हलकं झालं. २०१७ च्या फेब्रुवारीत आलेल्या लिनक्स ४.१० पर्यंत, साध्या मापाबाहेर जाणाऱ्या जवळपास प्रत्येक ड्रायव्हरमध्ये एमटीयू तपासणारं स्वतःचं फंक्शन होतं, तीच तपासणी जरा वेगळ्या शब्दांत. ४.१० मध्ये ते काम कर्नलने एका जागी घेतलं. ड्रायव्हरने फक्त दोन आकडे भरायचे, किमान आणि कमाल. पण पुढच्या वळणावर जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. पाकिटं ड्रायव्हरच्या दारातच हाताळणाऱ्या ‘एक्सडीपी’ने फ्रेम एकाच पेजमध्ये असणार असं गृहीत धरलं होतं. त्यामुळे जंबो फ्रेम वापरणाऱ्यांना एक्सडीपी मिळेना. अनेक तुकड्यांची फ्रेम त्याला समजू लागली ती २०२२ मध्ये, लिनक्स ५.१८ पासून, आणि त्यासाठी पुन्हा एकेका ड्रायव्हरला हात लावावा लागला.

आज मोठ्या डेटा सेंटरांत जंबो फ्रेम रोजची झाली आहे. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये एमटीयू ९००१ आहे. ज्यांना आपल्या ऑफिसात किंवा लॅबमध्ये ती चालू करायची आहे त्यांच्यासाठी एक काम. दोन्ही मशिनवर ९००० लिहून थांबू नका. वाटेतला प्रत्येक स्विच तपासा, आणि मग तुकडे न करण्याच्या अटीवर ८९७२ बाइटांचा पिंग दोन्ही बाजूंनी करून पाहा. ८९७२ अशासाठी की आयपीचे २० आणि पिंगचे ८ मिळून ९००० भरतात. तो पिंग परत आला तरच फायली हलवायला घ्या.